गाडी कुठाय?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये ऑफिस, मध्ये गणपती, मध्ये सोसायटीचं पाण्याचं प्रकरण... असो. कारणं सगळ्यांकडेच असतात. आज बसलोय ते माझंच एक जुनं मत मागे घ्यायला.

त्याचं असं आहे, की नात्यागोत्यात मी 'कॉम्प्युटरवाला' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातही 'हा पूर्वी कसल्यातरी थ्रीडी भानगडी करायचा' ही बातमी पार आत्या-मावश्यांपर्यंत पोचलेली. त्यामुळे दर मे महिन्यात कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी फोन करते. "काका, मला गेम बनवायचेत. सुरुवात कुठून करू?" गेली वीसेक वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. "आधी ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग शीक. पहिल्या ठिपक्यापासून सगळं स्वतः लिही. तयार इंजिन घेऊन गेम करणं म्हणजे दुकानातून पुरणपोळी आणायची आणि मीच लाटली म्हणून सांगायचं."

वाक्य टाळ्या घेणारं होतं. मी ते मोठ्या दिमाखात फेकायचो. पण सल्ला चुकीचा होता. सगळाच नाही, त्यातलं खरं काय ते पुढे सांगतो. पण ज्या क्रमाने आणि ज्या तोऱ्यात मी तो द्यायचो ते चूक होतं, आणि त्याची किंमत माझ्या भाच्याने मोजली. म्हणून हे सगळ्यांसमोर.

आधी माझं स्वतःचं शिक्षण कसं झालं ते सांगतो, म्हणजे तोरा कुठून आला ते कळेल.

साल १९९६. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. टर्बो सीचा तो निळा पडदा आठवतोय का? ग्राफिक्स डॉट एच नावाची फाईल जोडायची, इनिटग्राफ म्हणायचं, बीजीआय फोल्डरचा पत्ता चुकला की एरर खायची. पत्ता बरोबर असला तर ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा काळा पडदा आणि १६ रंग. त्यावर जर्नलपुरती एक रेघ, एक वर्तुळ आणि एक फिरणारा चौकोन काढायचा. सर फळ्यावर ब्रेसनहॅमची रीत उतरवून द्यायचे, आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. ही रीत जॅक ब्रेसनहॅमने १९६२ साली आयबीएममध्ये असताना प्लॉटरसाठी शोधली, त्यात भागाकार नाही, अपूर्णांक नाही, नुसत्या पूर्णांकांच्या बेरजा-वजाबाक्यांवर तिरकी रेघ निघते, ही केवढी देखणी गोष्ट आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. परीक्षेत आठ मार्कांना यायची, एवढंच माहीत.

मग होस्टेलवरच्या एका मित्राने फ्लॉपीवर एक छोटा प्रोग्रॅम आणला. मोड १३. पडदा ३२० गुणिले २००, रंग २५६, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट. म्हणजे अख्खा पडदा ६४,००० बाइट्सचा. मेमरीत त्याचा पत्ता ठरलेला. त्या पत्त्यावर एक आकडा लिहिला की पडद्यावर ठिपका उमटतो. मध्ये कुणी नाही. त्या रात्री झोपलो नाही. पडदा म्हणजे मोठी चौकटीची वही आहे आणि आपण तिच्यात आकडे लिहायचे आहेत, एवढं कळलं आणि बाकी सगळं आपोआप उलगडत गेलं. डूम १९९३ चा, क्वेक १९९६ चा. आम्ही ते खेळायचो कमी आणि तोंडाला तोंड लावून 'हे काढलं कसं असेल?' म्हणून भांडायचो जास्त.

नात्यातल्या वाचकांसाठी एक गंमत सांगतो, कारण पुढे लागणार आहे. थ्रीडी थ्रीडी म्हणतात त्याच्या मुळाशी एक साधा भागाकार आहे. वस्तू डोळ्यापासून जितकी लांब, त्या अंतराने तिच्या आडव्या-उभ्या मापाला भागायचं. दुप्पट लांब, तर निम्मी दिसणार. एसटीच्या पुढच्या काचेतून पाहिलं की रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर एकत्र येतात, जवळचं झाड सर्रकन निघून जातं आणि मागचा डोंगर जागचा हलत नाही, ते सगळं या एका भागाकारातून निघतं. मी जेव्हा पहिल्यांदा हा भागाकार स्वतः लिहिला आणि पडद्यावर आठ टोकांचा खोका खरोखरच खोल दिसला, तेव्हा मला जे वाटलं ते नोकरीच्या पहिल्या पगारालाही वाटलं नव्हतं.

तर तोरा आला तो असा. जे आपण रात्री जागून कमावलं ते दुसऱ्याला एका क्लिकमध्ये मिळतं हे बघवत नाही. माणसाचा स्वभाव.

आता अण्णांची गोष्ट. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, २००५ साली रिटायर झाले. बरीच वर्षं पुणे-महाड, भोरवरून, वरंधा घाटाने. २००३ मध्ये मी पगारातून बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि रात्री घरी ओपनजीएल शिकायला लागलो. त्या काळी नेहीचे धडे म्हणून एक प्रसिद्ध मालिका इंटरनेटवर होती, तीच आमची बालभारती. अण्णा एकदा मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर हिरवा डोंगर फिरत होता. त्यांनी विचारलं, "हे काय?" म्हटलं, "गेम करतोय." "कसला?" मला उत्तर सुचलं नाही. मग तेच म्हणाले, "आमचा घाट कर की. गाडी चालवायची स्वारगेटहून महाडला. रात्रीची. पावसाची."

मला कल्पना इतकी आवडली की दुसऱ्या दिवसापासून लागलो. आणि काय काय केलं ते ऐका. २००३ मध्ये डोंगर केला. २००४ मध्ये पाणी केलं, कारण रस्त्यात नीरा देवघरचं धरण लागतं आणि पाण्यात डोंगराचं प्रतिबिंब नको का? प्रतिबिंबासाठी सगळा देखावा उलटा करून दुसऱ्यांदा काढावा लागतो, ते केलं. २००५ मध्ये सावल्या. लान्स विल्यम्सने १९७८ साली सुचवलेली रीत: आधी दिव्याच्या जागी डोळा ठेवून चित्र काढायचं, दिव्याला जे दिसत नाही ते सावलीत. कल्पना किती सोपी, आणि ती नीट बसवायला माझा अख्खा पावसाळा गेला. २००६ मध्ये शेडर्ससाठी सगळं परत लिहिलं. २००९ मध्ये ओपनजीएल ३.१ आलं आणि ज्या जुन्या आज्ञांवर आम्ही वाढलो त्याच मुख्य गाभ्यातून काढून टाकल्या, म्हणून पुन्हा सगळं परत.

मधल्या काळात अण्णा अधूनमधून डोकावायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. "गाडी कुठाय?"

"अण्णा, अजून इंजिन तयार होतंय."

"तीन वर्षं? अरे आमच्या वर्कशॉपला इंजिन उतरवून परत चढवतात ते दोन दिवसांत."

मी हसायचो. त्यांना काय कळतंय, असंही मनात यायचं. खोटं कशाला सांगू? पण आज बघतो तर त्या सगळ्या प्रकल्पात त्यांच्याइतका नेमका प्रश्न कुणीच विचारला नव्हता. घाट होता, पाणी होतं, सावल्या होत्या, धुकं होतं. गाडी नव्हती. एक लाल खोकादेखील मी त्या रस्त्यावर कधी ठेवला नाही. २०१० मध्ये मुलगी झाली, आणि ते फोल्डर एका जुन्या हार्डडिस्कवर गेलं ते गेलं.

आता मुख्य प्रकरण. माझा भाचा, ताईचा मुलगा, २०२२ मध्ये इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेला. सुट्टीत लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. त्याने एक तयार, फुकट मिळणारं इंजिन वापरून छोटा गेम केला होता. गच्चीवरून गच्चीवर उड्या मारणारं मांजर, आणि मागे लागलेली एक आजी. मांजराची शेपटी उडी मारताना जरा उशिरा वळायची, त्याने ते मुद्दाम केलं होतं. घरातली सगळी मुलं खेळत बसली होती. त्याने मला विचारलं, "मामा, कसं झालंय?"

आणि मी म्हणालो, "छान आहे. पण यात तू काय केलंस? सगळं इंजिनने केलं."

पुढे पुरणपोळीचं वाक्यही टाकलं. मग त्याला यादी दिली. सी++ शीक, रेषीय बीजगणित शीक, आणि ओपनजीएलही नको, व्हल्कन घे, म्हणजे खरं काय चालतं ते कळेल. व्हल्कन हा २०१६ साली आलेला प्रकार. त्यात ग्राफिक्स कार्डाला एकेक गोष्ट आपण स्पष्ट सांगायची: मेमरी किती घ्यायची, कुठली आज्ञा कुठल्या आज्ञेनंतर, कोणी कोणासाठी थांबायचं. ज्यांना मोठी इंजिनं लिहायची आहेत त्यांच्यासाठी ते वरदान आहे. नवशिक्याला त्यात एक रंगीत त्रिकोण पडद्यावर आणायला हजारेक ओळी लिहाव्या लागतात.

पोरगं गुणी. मामाने सांगितलं म्हणजे करायचंच. मांजर बाजूला ठेवलं. दोन महिन्यांनी त्रिकोणाचा फोटो पाठवला. मी शाबासकी दिली. मग काही महिन्यांनी फिरणारा खोका. मग फोटो यायचे थांबले. मला वाटलं, अभ्यास असेल.

२०२३ संपता संपता ताईचा फोन आला. ताई कधी चिडत नाही, त्या दिवशी आवाज वेगळा होता. "तू त्याला काय सांगितलं होतंस रे? तो हल्ली गेमचं नावच काढत नाही. परवा विचारलं तर म्हणाला, मामा म्हणतो ते मला जमत नाही, म्हणजे मला गेम जमणारच नाहीत."

मी काहीतरी बोललो. पाया पक्का होतोय वगैरे. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ गॅलरीत उभा होतो. ज्या मुलाला उडी मारणाऱ्या मांजराची शेपटी किती उशिरा वळली की हसू येतं हे कुणी न शिकवता कळत होतं, त्याला मी सांगितलं होतं की तू काहीच केलं नाहीस. आणि सांगणारा कोण? तर सात वर्षांत रस्त्यावर एक गाडी न आणलेला माणूस.

भाच्याला मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. मामा ना मी! ते काम अण्णांनी केलं, त्यांच्या नकळत.

२०२४ च्या दिवाळीत सगळे घरी जमलो होतो. अण्णांनी नातवाला पकडलं. "तुझ्या मामाला सांगितलं होतं, घाटात गाडी चालवायचा गेम कर म्हणून. वीस वर्षं झाली. तुला येतो का?" भाचा माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, "कर. तुझ्या त्या इंजिनातच कर."

तीन शनिवार-रविवार लागले त्याला. डोंगराच्या उंचीचे आकडे त्याने फुकट उपलब्ध असलेल्या माहितीतून घेतले. अमेरिकेच्या स्पेस शटलने २००० साली रडारने पृथ्वी मोजली होती, साधारण दर तीस मीटरला एक उंची. रस्ता ढोबळ. गाडी म्हणजे चाकं लावलेला लाल खोका. सावल्या, धुकं, पाऊस सगळं इंजिनाने दिलेलं. मी सात वर्षांत जे केलं ते त्याला मेन्यूत खुणा करून मिळालं, आणि माझ्यापेक्षा चांगलं मिळालं. ते बघताना पोटात जे काही झालं ते झालं, त्याबद्दल अधिक लिहीत नाही :-)

पण खरी गंमत पुढे. अण्णा कीबोर्डासमोर बसले, चष्मा पुसला आणि हात मांडीवर ठेवून नुसते बघत राहिले.

"आजोबा, बाण दाबा, गाडी चालेल."

"बेल कुठाय?"

"कसली बेल?"

"कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नसते."

भाच्याने त्याच बैठकीत बेल घातली. मग घाट सुरू झाला. समोरून ट्रक उतरत होता, भाच्याने त्याला वाट द्यायला गाडी थांबवायचा नियम केला होता. अण्णा म्हणाले, उलट. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट. चढावर थांबलेली भरली गाडी परत उचलणं किती अवघड असतं ते ड्रायव्हरला विचार. उतारावर त्यांनी आणखी एक सांगितलं. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकच्या भरवशावर राहू नकोस. भाच्याने ब्रेक तापण्याचा हिशोब घातला: सारखा ब्रेक दाबला की तो हळूहळू निकामी होतो. वाघजाईच्या देवळापाशी गाडी उभी करून भजी खायची सोयही झाली. एका संध्याकाळीत त्या लाल खोक्याचा गेम झाला. यातलं एकही काम ग्राफिक्सचं नव्हतं.

इथे लेख संपवला असता तर निष्कर्ष सोपा होता: ग्राफिक्स शिकू नका, इंजिन घ्या. पण तसं नाही, म्हणून आणखी थोडं वाचा.

दोनेक महिन्यांनी भाच्याचा फोन आला. (त्याने स्वतःहून केलेला, हे विशेष.) गाडीत स्टिअरिंग, डॅशबोर्ड, गणपतीची छोटी मूर्ती सगळं बसवलं होतं. पण घाटात गेलं की सगळं थरथरत होतं. स्टिअरिंगच्या कडा कापत होत्या, गणपती हलत होता. त्याने दिवे बदलले, मॉडेल बदललं, इंजिनाची पुढची आवृत्ती घातली, एका चॅटवाल्या एआयला विचारून चार निरनिराळे उपाय केले. थरथर तशीच. अण्णा मात्र खूश. म्हणाले, "इंजिनाची थरथर एकदम बरोब्बर जमवलीस. जुनी गाडी अशीच थरथरायची."

मी विचारलं, "शून्य कुठे ठेवलंयस?"

"म्हणजे?"

"नकाशाचा मूळबिंदू."

"स्वारगेटला. आजोबा म्हणाले गाडी स्वारगेटहून सुटते."

सापडलं. कॉम्प्युटर असे दशांशातले आकडे साधारणपणे ३२ बिटांत साठवतो. त्यात जेमतेम सात अंक मावतात. शून्याच्या जवळ असाल तर ते सात अंक मिलिमीटरच्याही खाली माप दाखवतात. पण घाट स्वारगेटच्या दक्षिणेला सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. तिथे दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतरच सुमारे चार मिलिमीटर होतं. म्हणजे स्टिअरिंगची कड एक तर इथे, नाहीतर चार मिलिमीटर पलीकडे, मधली जागाच नाही. गाडी पुढे सरकली की सगळं टुणटुण उड्या मारतं. डोळा स्टिअरिंगच्या अगदी जवळ असल्याने ते दिसतंही लगेच.

उपायही जुनाच आहे. शून्य गाडीबरोबर न्यायचं. गाडी मूळबिंदूवर उभी ठेवायची आणि डोंगर मागे सरकवायचा. भाच्याने अर्ध्या तासात केलं. थरथर थांबली.

मला हे कसं माहीत होतं? कारण २००४ मध्ये मी याच जातीची चूक करून तीन रविवार घालवले होते. तेव्हा माझा रस्ता डोंगरावर लुकलुकायचा. क्षणात रस्ता, क्षणात गवत. कुठला ठिपका पुढे आणि कुठला मागे हे ठरवायला कार्ड प्रत्येक ठिपक्याची खोली एका तक्त्यात नोंदवतं. मी दिसण्याची जवळची हद्द ठेवली होती एक सेंटिमीटर, लांबची कित्येक किलोमीटर. तो तक्ता अंतराने भागून भरतात, त्यामुळे त्याचे निम्मे आकडे पहिल्या एक ते दोन सेंटिमीटरमध्येच संपतात. उरलेल्या निम्म्यात अख्खा सह्याद्री. मग लांबच्या रस्त्याला आणि त्याच्याखालच्या मातीला एकच आकडा मिळाला तर नवल काय? जवळची हद्द अर्धा मीटर केली आणि भांडण मिटलं.

तेव्हा ग्राफिक्स शिकणं वाया जातं असं माझं म्हणणं मुळीच नाही. इंजिन सगळं देतं, पण बिघडलं की ते का बिघडलं हे सांगत नाही. बिघाड शोधायला आतला भागाकार माहीत असावा लागतो. एआयला विचारलं तरी प्रश्न कसा विचारायचा हे कळायला तोच लागतो. भाच्याने चार वेळा 'स्टिअरिंग का थरथरतं' विचारलं. 'शून्यापासून लांब गेल्यावर काय होतं' असं विचारलं असतं तर उत्तर पहिल्याच फटक्यात मिळालं असतं. आणि इंजिनं कंपन्यांची असतात हेही विसरू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने अचानक प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेण्याचं जाहीर केलं, वर्षभराने तो निर्णय मागे घेतला. त्या काळात ज्यांना फक्त एका इंजिनाचे मेन्यू पाठ होते त्यांची झोप उडाली. ज्यांना मेन्यूच्या मागचं कळत होतं त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवणं त्रासाचं असलं तरी शक्य वाटत होतं.

मग आता मे महिन्यात फोन आला तर काय सांगणार?

पहिलं म्हणजे विचारणार: तुला गेम करायचाय की चित्र कसं निघतं ते शोधायचंय? ही दोन वेगळी वेडं आहेत. दोन्ही चांगली आहेत. माझं वेड दुसरं होतं आणि मी वीस वर्षं ते पहिलं आहे असं सगळ्यांना, स्वतःलाही सांगत राहिलो. दुसरं असेल तर खुशाल व्हल्कनच्या हजार ओळी लिही. त्याला सिनेमात, वैद्यकीय चित्रणात, खुद्द इंजिनं करणाऱ्यांकडे काम आहे. फक्त अण्णांना गेमचं वचन देऊ नकोस.

गेमच करायचा असेल तर आधी तयार इंजिन घे आणि एक छोटा, अगदी छोटा गेम पुरा कर. पुरा म्हणजे दुसऱ्याने तुझ्याशिवाय खेळावा इतका. अंडरटेल २०१५ मध्ये गेममेकरवर झाला. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी २०२० मध्ये अनरिअलवर झाला. खेळणाऱ्याने कधी विचारलं नाही की सावल्यांची रीत तुमची स्वतःची आहे का.

त्यानंतर दोन रविवार काढ आणि एक त्रिकोण स्वतः रंगव. कार्डाची मदत न घेता. साधी एक यादी घे, तिला पडदा समज, तीन टोकं घे, आतला प्रत्येक ठिपका आत आहे की बाहेर ते तपास आणि रंग भर. मग त्या टोकांना अंतराने भागून बघ. शंभर-दीडशे ओळींचं काम आहे. हा पडदा म्हणजे चौकटीची वही आहे, हे एकदा हाताने कळलं की जन्मभर पुरतं. ते मात्र टाळू नकोस. एआयकडून लिहूनही घेऊ नकोस, कारण ते लिहिण्यातच सगळं आहे.

आणि उरलेलं? शेडर, मॅट्रिक्स, सावल्या? ते गेमला लागेल तेव्हा शीक. रस्ता लुकलुकला की खोलीचा तक्ता शीक. स्टिअरिंग थरथरलं की आकड्यांचं पोट शीक. पडद्यावर वीस लाखांच्या वर ठिपके साठ-साठ वेळा दर सेकंदाला रंगवले जातात, या सगळ्याचं आधी ज्ञान घेऊन मग गेम करीन म्हटलं तर आयुष्य पुरायचं नाही. गरजेने शिकलेलं लक्षात राहतं. माझ्या तीन रविवारांचं राहिलं, आठ मार्कांच्या ब्रेसनहॅमचं नाही राहिलं.

भाच्याला मी शेवटी सांगितलं, की त्या दिवशी मांजराबद्दल बोललो ते चुकलं. तो म्हणाला, "जाऊ दे मामा. त्रिकोण केला होता म्हणून तू फोनवर काय सांगतोयस ते तरी कळलं." मोठ्या मनाचा आहे, त्याच्या आईवर गेलाय. मांजराचा गेम आता पुन्हा उघडलाय म्हणे. शेपटीबद्दल माझं मत विचारलं नाही, ते बरंच केलं.

अण्णा आता रोज संध्याकाळी चहानंतर एक फेरी मारतात. परवा थरथर गेलेली त्यांच्या लक्षात आली. नाराज झाले. भाच्याने समजावलं, "आजोबा, आता गाडी जागेवरच असते. डोंगर मागे जातो."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी स्वारगेटलाच उभा होतो की काय?"

थरथर परत घालायची ठरलीये. या वेळी मुद्दाम.